लॅव्हाझिएचा तराजू

पाणी पुष्कळ वेळ उकळत ठेवले म्हणजे भांड्याच्या तळाशी पांढरी पूड उरते. हे दृश्य घरोघरी दिसते. ती पूड पाण्यात विरघळलेल्या क्षारांची असते, हे आज शाळेतील मूलही सांगेल. परंतु पावसाचे पाणी पुन्हा पुन्हा वाफ करून, थंड करून अगदी निर्मळ केले आणि ते काचेच्या पात्रात दीर्घकाळ तापविले, तरीसुद्धा त्यात थोडी मातीसारखी पूड दिसू लागे. यावरून युरोपातील अनेक विद्वानांनी असा निष्कर्ष काढला होता की, पाण्याचे हळूहळू मातीत रूपांतर होते. हा समज शंभरांहून अधिक वर्षे टिकून होता. तो कोणी वादविवादाने खोडून काढला नाही. पॅरिस शहरातील एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने तो तराजूने खोडून काढला. त्या तरुणाचे नाव आंत्वान लॅव्हाझिए.

लॅव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे एका सधन घराण्यात झाला. वडील वकील होते. आंत्वान पाच वर्षांचा असतानाच त्याची आई वारली व त्याचा सांभाळ मावशीने केला. तिने लग्न केले नाही. बहिणीच्या मुलांवरच तिने सारी माया केली. वडिलांच्या मार्गाने जाऊन मुलाने वकील व्हावे, ही घरची इच्छा. त्याप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतलीही. परंतु त्याचे मन न्यायालयात रमले नाही. शाळेत असताना त्याला गणित व ज्योतिष शिकविणारे उत्तम गुरू लाभले होते. पुढे त्याने रुएल नावाच्या प्राध्यापकाची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकली. रुएलचे प्रयोग पाहावयास गर्दी लोटत असे. परंतु गणितासारख्या स्वच्छ शास्त्रातून आलेल्या या विद्यार्थ्याला त्या काळचे रसायनशास्त्र फारच धूसर वाटले. पदार्थांची नावे चमत्कारिक होती, एकाच पदार्थाला चारचार नावे होती, आणि काय किती घेतले व काय किती मिळाले, याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवी.

त्याचा पहिला निबंध जिप्सम या खनिजावर होता. जिप्सम तापवून जी पांढरी भुकटी होते, ती आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती करण्यासाठी वापरतात. तिला पॅरिसचेच नाव आहे. ही भुकटी पाण्यात कालवली की घट्ट का होते? लॅव्हाझिएने जिप्सम तापविताना निघून गेलेल्या पाण्याचे वजन केले आणि भुकटी घट्ट होताना ती जवळजवळ तेवढेच पाणी परत घेते, हे दाखवून दिले. त्या वेळी तो अवघा एकवीस वर्षांचा होता. जे गेले ते मोजावयाचे आणि जे आले तेही मोजावयाचे, ही त्याच्या सर्व कार्याची रीत या पहिल्याच निबंधात दिसते.

१७६८ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले. याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. तिचे फळ त्याला पुढे भोगावे लागले. फ्रान्सच्या राजाच्या वतीने मीठ, तंबाखू इत्यादींवरील कर गोळा करण्याचा मक्ता काही धनिकांच्या मंडळीकडे असे. लॅव्हाझिएने आईकडून वारशाने आलेला पैसा घालून या मक्त्यात भाग घेतला. त्यातून त्याला मोठी प्राप्ती होऊ लागली व ती त्याने उपकरणांवर सढळ हाताने खर्च केली. परंतु गोरगरीब जनता या मक्तेदारांचा मनापासून द्वेष करीत असे, आणि तो द्वेष अकारण नव्हता. लॅव्हाझिए स्वतः लुबाडणारा नव्हता. तथापि तो ज्या पंक्तीत बसला होता ती पंक्ती लोकांच्या डोळ्यांत सलत होती.

आता पाण्याच्या प्रयोगाकडे वळू. १७६८ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याने अत्यंत निर्मळ पाणी एका विशेष प्रकारच्या काचपात्रात भरले. या पात्राच्या माथ्यापासून दोन पोकळ नळ्या निघून पुन्हा पोटात शिरत. त्यामुळे वर गेलेली वाफ थंड होऊन पाणी परत खाली येई आणि थेंबही बाहेर जात नसे. पाणी भरण्यापूर्वी त्याने रिकाम्या पात्राचे वजन केले होते. पाण्यासह पात्राचे वजनही करून ठेवले. मग ते बंद पात्र त्याने एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल १०१ दिवस मंद आचेवर ठेवले. काही आठवड्यांनी पाण्यात बारीक कण तरंगताना दिसू लागले. दुसरा कोणी असता तर त्याने तेथेच पाण्याची माती झाल्याचे जाहीर करून टाकले असते. लॅव्हाझिएने मुदत पुरी होऊ दिली आणि नंतर सारे काही पुन्हा तोलले.

बंद पात्राच्या एकूण वजनात फरक पडला नव्हता. म्हणजे बाहेरून काही आत आले नव्हते व आतून काही बाहेर गेले नव्हते. मग त्याने पात्र रिकामे केले, वाळविले आणि तोलले. ते १७.४ ग्रेनने हलके झाले होते! ग्रेन हे त्या काळचे फ्रान्समधील सर्वांत लहान वजन. सोनाराच्या एका गुंजेच्या निम्म्याहूनही ते कमी भरते. म्हणजे हा फरक एक ग्रॅमसुद्धा नव्हता. पाण्यात तरंगणारी पूड ४.९ ग्रेन भरली आणि पाणी आटविल्यावर आणखी १५.५ ग्रेन पूड मिळाली. दोन्हींची बेरीज २०.४ ग्रेन. काचेतून गेले १७.४ आणि हाती आले २०.४, तीन ग्रेन जास्त. हे तीन ग्रेन त्याने लपविले नाहीत. पाणी आटविताना ज्या दुसऱ्या काचपात्रांचा उपयोग केला, त्यांचीही थोडी काच विरघळली असावी, असे त्याने स्पष्ट नमूद केले. पाण्याची माती झाली नव्हती. पाण्याने काच खाल्ली होती.

१७७१ साली त्याचा विवाह मारी पोल्झ हिच्याशी झाला. ती त्याच्याच एका सहकारी मक्तेदाराची कन्या. लग्नाच्या वेळी ती अवघी तेरा वर्षांची होती आणि त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही. परंतु ही मुलगी विलक्षण बुद्धीची निघाली. लॅव्हाझिएला इंग्रजी येत नव्हते. तिने ती भाषा शिकून इंग्रज रसायनशास्त्रज्ञांचे लेखन फ्रेंचमध्ये आणले. चित्रकार दाव्हीद याच्याकडे ती चित्रकला शिकली आणि नवऱ्याच्या ग्रंथासाठी उपकरणांच्या आकृत्या तिने स्वतः काढल्या. लॅव्हाझिए सकाळी सहा वाजता प्रयोगशाळेत जाई, दिवसभर कचेरीची कामे उरकी आणि रात्री सात ते दहा पुन्हा प्रयोग करी. आठवड्यातील एक पूर्ण दिवस तर केवळ प्रयोगांचाच असे. प्रयोग चालू असताना मारी शेजारी बसून वहीत आकडे टिपून घेई. त्या वह्या जर कोणी नीट ठेवल्या नसत्या, तर ते आकडे आज आपल्या हाती आले असते की नाही, याची शंकाच आहे.

त्या काळचे सर्वांत मोठे कोडे अग्नीचे होते. पदार्थ जळतो म्हणजे काय होते? त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे एक द्रव्य निघून जाते, असे सारे मानीत. लाकूड जळून मूठभर राख उरते, तेव्हा काहीतरी निघून गेले हे पटण्यासारखेही होते. परंतु धातू तापवून त्याचे भस्म केले तर भस्माचे वजन मूळ धातूपेक्षा अधिक भरते, ही अडचण होती. काहीतरी निघून गेले आणि तरी वजन वाढले, हे कसे? १७७२ साली लॅव्हाझिएने गंधक व फॉस्फरस जाळून पाहिले. त्यांचेही वजन वाढले. हा शोध इतका महत्त्वाचा वाटला की, त्याने तो कागदावर लिहून मोहोरबंद लखोट्यात अकादमीच्या स्वाधीन केला.

नंतर त्याने कथील घेतले. ते काचेच्या बकपात्रात घालून पात्राचे तोंड वितळवून बंद केले, सर्व तोलले आणि तापविले. कथिलावर भस्माचा थर जमला. पण पुन्हा तोलले तेव्हा वजन होते तेवढेच होते. म्हणजे विस्तवातून काही काच भेदून आत शिरले नव्हते. मग त्याने पात्राचे टोक फोडले. त्यासरशी बाहेरची हवा सूं करून आत घुसली, आणि आता मात्र वजन वाढले. कथिलाने जे वजन मिळविले होते ते पात्रातील हवेकडूनच मिळविले होते. ती जागा रिकामी झाली होती, म्हणूनच बाहेरची हवा आत धावली.

पण साऱ्या हवेने की हवेच्या एका भागाने? येथे त्याला इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली याची मदत झाली. १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला आला असता लॅव्हाझिएच्या घरी भोजनास होता. पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले असता एक वायू निघतो व त्यात मेणबत्ती अतिशय तेजाने जळते, ही हकिगत त्याने तेथे सांगितली. स्वीडनमधील शील यानेही हा वायू स्वतंत्रपणे मिळविला होता. लॅव्हाझिएने पुढे आपल्या लेखनात प्रीस्टलीचे ऋण जितक्या मोकळेपणाने मान्य करावयास हवे होते, तितके केले नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या ठिकाणी ही उणीव होती, हे सांगितलेच पाहिजे. मात्र त्या वायूचा खरा अर्थ प्रीस्टलीला उमगला नाही. तो लॅव्हाझिएला उमगला.

त्याने चार औंस पारा बकपात्रात घेतला. पात्राची लांब मान वाकवून तिचे टोक पाऱ्याच्या परातीवर पालथ्या घातलेल्या काचेच्या हंडीत सोडले. आतील हवा ५० घनइंच होती. बारा दिवस आणि बारा रात्री त्याने पारा जवळजवळ उकळीच्या बेतात तापवीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर तांबडे कण दिसू लागले. बाराव्या दिवसाच्या सुमारास ते वाढावयाचे थांबले. थंड झाल्यावर हवा मोजली, तर ती ४२ ते ४३ घनइंच उरली होती. त्या हवेत मेणबत्ती विझली, प्राणी गुदमरले. तांबडे भस्म गोळा केले, ते ४५ ग्रेन भरले. हे ४५ ग्रेन त्याने लहान पात्रात घालून अधिक प्रखर आचेवर तापविले. ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू निघाला. पंचेचाळिसातून साडेएकेचाळीस वजा केले तर साडेतीन उरतात. तेच त्या वायूचे वजन. पन्नासातून जेवढी हवा नाहीशी झाली होती तेवढाच वायू परत आला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळताच पुन्हा पहिल्यासारखी साधी हवा तयार झाली. इयत्ता पाचवीतील वजाबाकी. परंतु तिने फ्लॉजिस्टन नाहीसे केले. या वायूला लॅव्हाझिएने ऑक्सिजन हे नाव दिले. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो.

सर्व हिशेब असेच काटेकोर जुळले, असे मात्र नाही. १७८३ साली त्याने गणिती लाप्लास याच्यासह हायड्रोजन व ऑक्सिजन एकत्र जाळून पाणी तयार केले. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे यावरून ठरले. परंतु त्या प्रयोगात वायूंचे मोजमाप नीट झाले नव्हते, म्हणून १७८५ साली अधिक चांगली वायुमापके तयार करवून त्याने तोच खटाटोप पुन्हा केला. शंभर भाग पाण्यात ८५ भाग ऑक्सिजन व १५ भाग हायड्रोजन असतो, असे त्याचे उत्तर आले. आज आपण जाणतो की, ते प्रमाण सुमारे ८९ आणि ११ असे आहे. वायू तोलणे फार अवघड असते. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, हा त्याचा समजही चुकीचा ठरला. त्या समजावरूनच तर त्याने ऑक्सिजनला ‘आम्ल निर्माण करणारा’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

१७८७ साली त्याने आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पदार्थांना नवी, अर्थपूर्ण नावे दिली. १७८९ साली त्याचा रसायनशास्त्रावरील मूलग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. तीत प्रकाश व उष्णता यांनाही त्याने जागा दिली आहे, ही त्या काळची मर्यादा. याच ग्रंथात नवशिक्यांसाठी वजने, मापे, तराजू आणि वायू मोजण्याची साधने यांचे सविस्तर वर्णन आहे. नुसते वाचून हे शास्त्र येत नाही, हात आणि तराजू यांची सवय व्हावी लागते, हे तो जाणून होता.

वजनांच्या बाबतीत त्याला एका गोष्टीचा फार त्रास होई. त्या वेळच्या फ्रान्समध्ये ७२ ग्रेनचा एक ग्रो, ८ ग्रोंचा एक औंस आणि १६ औंसांचा एक पौंड होत असे. म्हणजे पौंडात ९२१६ ग्रेन. शिवाय परगण्यागणिक पौंड बदले आणि परदेशाचा पौंड निराळाच. समजा, एका पदार्थाचे वजन ५ औंस ६ ग्रो ४० ग्रेन आहे आणि दुसऱ्याचे ३ औंस ५ ग्रो ५० ग्रेन. बेरीज करताना ग्रेन होतात ९०, त्यांतून एक ग्रो काढून १८ उरवावयाचे. ग्रो होतात बारा, त्यांतून एक औंस काढून चार उरवावयाचे. आणि तेव्हा कोठे ९ औंस ४ ग्रो १८ ग्रेन हे उत्तर मिळते. गुंजा, मासे, तोळे, शेर आणि मण यांचे हिशेब ज्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी केले, त्यांना ही डोकेदुखी ठाऊक असे. बेरजेचे निभावेल, पण शेकडा प्रमाण काढावयाचे म्हटले की जीव मेटाकुटीस येई. यावर लॅव्हाझिएने सोपी तोड काढली. प्रत्येकाने आपल्या देशाचा पौंड खुशाल ठेवावा, पण त्याचे भाग मात्र दशांश, शतांश, सहस्रांश असे दहाच्या पटीत करावेत. मग पौंड कोणताही असो, अपूर्णांक सर्वांचे सारखेच येतील आणि पॅरिसमधील प्रयोग लंडनमधील माणसाला वाचता येईल. त्याने स्वतः दशांश वजने वापरली आणि जुन्या वजनांचे दशांशात रूपांतर करणारी कोष्टकेही ग्रंथाला जोडली.

हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीला प्रारंभ झाला. नव्या राज्यकर्त्यांनी साऱ्या देशासाठी एकच मापपद्धती ठरविण्याचे काम अकादमीकडे सोपविले. ठरावीक घनफळाच्या शुद्ध पाण्याचे वजन हे नवे एकक असावे, असे ठरले आणि ते वजन नेमके किती, हे शोधण्याची कामगिरी लॅव्हाझिए व त्याचा सहकारी आउई यांच्याकडे आली. १७९३ च्या जानेवारीत त्यांनी आपले उत्तर दिले: १८,८४१ ग्रेन. आपण ज्याला किलोग्रॅम म्हणतो त्याचे हे पहिले मोजमाप.

परंतु दिवस पालटत चालले होते. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बंद करण्यात आली. नोव्हेंबरात सर्व जुन्या करमक्तेदारांना अटक करण्याचा हुकूम निघाला. लॅव्हाझिए काही दिवस लपून राहिला, नंतर आपण होऊन सासऱ्यासह तुरुंगात हजर झाला. वजनमापांच्या मंडळाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, तेव्हा सुटका तर झाली नाहीच. उलट बोर्दा, लाप्लास, कुलों अशा सभासदांना त्या मंडळातून काढून टाकण्यात आले. तुरुंगातही तो आपले निबंध छापण्यासाठी नीट लावीत बसे. ८ मे १७९४ रोजी एकाच दिवशी खटला चालला, शिक्षा झाली आणि ती अमलातही आली. अठ्ठावीस मक्तेदारांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांत मारीचे वडील तिसरे होते आणि पती चौथा. लॅव्हाझिएचे वय पन्नास वर्षांचे होते. मृतदेह सार्वजनिक खड्ड्यात पुरण्यात आले. सुमारे दीड वर्षाने, त्याच्यावर अन्याय झाला, हे सरकारने मान्य केले.

किलोग्रॅमचे काम दुसऱ्यांनी पुरे केले. १७९९ साली अधिक काळजीपूर्वक केलेल्या मापनात तो १८,८२७.१५ ग्रेन ठरला; म्हणजे १७९३ च्या उत्तरात चौदा ग्रेनपेक्षाही कमी फरक निघाला. भारतात १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला.

मारीचे घर, पुस्तके आणि उपकरणे सारे सरकारजमा झाले होते. ते परत मिळविण्यासाठी तिला पुष्कळ खटपट करावी लागली. तुरुंगात पतीने लावून ठेवलेले निबंध तिने छापवून घेतले आणि विद्वान मित्रांना वाटले. १८३६ साली ती वारली. प्रयोगशाळेतील पुष्कळशी उपकरणे तिने शेवटपर्यंत जपली होती. लॅव्हाझिएसाठी फोर्तँ या कारागिराने बनविलेला मोठा तराजू पॅरिसच्या कला व उद्योग संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो.